घागरीतला देव



कीर्तनास उभे राहिले म्हणजे आधी अभंग घ्यावा, मग चरणाचरणाने निरूपण करावे, ही आपली रीत आहे. ह्या खेपेस आम्ही अभंग घेत नाही, एक घागर घेतो. वाचकांनी रागावू नये. त्या घागरीत देव आहे असे मानणारी माणसे होऊन गेली, आणि ती कोणी परकी नव्हती. तुमच्याआमच्यातलीच, गळ्यात माळ असलेली होती.

१९४७ सालापर्यंत, ज्यांस अस्पृश्य म्हणत त्या वारकऱ्याची वाट पंढरीत चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. आमच्या वऱ्हाडातून निघालेला माणूस महिना महिना पायी चालणार, उन्हापावसाने रापणार, आणि महाद्वाराबाहेर उभा राहून माघारी फिरणार. साने गुरुजींना हे सोसवेना. त्यांनी आधी महाराष्ट्रभर हिंडून गावोगावच्या विहिरी आणि देवळे उघडून घेतली. मग १ मे १९४७ रोजी पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणास बसले. महात्माजींनीही प्रथम उपोषण थांबवा म्हणून कळवले. गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

एवढे पुष्कळांस ठाऊक असते. घागरीची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. मंदिर उघडणार हे निश्चित झाल्यावर काही सनातनी मंडळींनी मंत्रविधी करून मूर्तीतले देवत्व पाण्याच्या घागरीत उतरवून घेतले, असे जुने लोक सांगत आणि तसे लिहिलेलेही आहे. म्हणजे आत जाणाऱ्यांस दगड भेटेल, देव आमच्यापाशी सुखरूप राहील! अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे आपण ज्याला म्हणतो, त्याला आपल्याच माणसांनी भयापोटी विटेवरून उतरवला. देव बाटेल ह्या धास्तीने देव काढून नेला. जे जाईल म्हणून भ्याले, ते त्यांनी आपल्या हातांनी घालवले.

ह्यावर हसू नये. आम्ही एकदा हसलो होतो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

आम्ही पंधरासोळा वर्षांचे असताना पाठशाळेत आमचे शास्त्रीबुवा लघुकौमुदी शिकवीत. पाठ झाल्यावर कधी कधी वारीच्या आठवणी निघत. एकदा कोणीतरी ह्या घागरीचा विषय काढला आणि आम्ही पोरे खो खो हसलो. शास्त्रीबुवा हसले नाहीत. म्हणाले, "हसता काय? मी घागरवाल्यांपैकी आहे." आम्ही गप्प झालो. मग त्यांनी सांगितले ते असे. १९४७ साली ते पंचविशीत होते. मंदिर खुले झाल्यावर त्यांनी शपथ घेतली की आता आत पाऊल टाकायचे नाही. वारी सोडली नाही, चंद्रभागेचे स्नान सोडले नाही. पण दर्शन घ्यायचे ते बाहेरून, कळसाचे. अशी बारा वर्षे काढली.

"कोणत्या शास्त्राने, बुवा?" आमच्यातल्या एका धीट पोराने विचारले. त्यावर ते जे म्हणाले ते आम्ही अजून विसरलो नाही. "शास्त्र मागून शोधले रे. भय आधी होते."

पुढे ते म्हणाले, "तू त्या सालात नव्हतास. इंग्रज चालला होता. देशाचे दोन तुकडे होत होते, रोज कत्तलीच्या बातम्या. कुळांना जमिनी मिळणार, इनामे जाणार, असे बोलणे. पाठशाळेला वर्षासन येई, ते पुढच्या साली येईल की नाही ह्याचा भरवसा नाही. संस्कृत शिकून पोट भरेल का, हे विचारायलासुद्धा कोणी उरला नव्हता. सगळे पायाखालून सरकत होते, आणि ह्यातले एकही आम्हांला धरून ठेवता येण्यासारखे नव्हते. देवळाचे दार तेवढे हाताशी होते. ते धरून बसलो."

वाचकहो, ह्या एका बोलण्यात आम्हांस आजच्या विषयाचे सारे मूळ सापडते. माणूस दाराकरता भांडतो आहे असे आपल्याला दिसते. त्याला मात्र वर्षासन गेल्याचे दुःख असते. ते दुःख खरे असते, खोटे नव्हे. पण खऱ्या दुःखाचे ओझे तो भलत्याच खुंटीवर टांगतो, आणि मग ती खुंटी कोणी हलवू लागला की त्याच्या जिवावर उठतो.

संस्कृतात आततायी म्हणून शब्द आहे. मराठीत आपण तो उतावळ्या, अविचारी माणसाला लावतो. स्मृतिकारांनी आततायी सहा प्रकारचे सांगितले: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा, परस्त्री पळवणारा. परंतु शब्दाची फोड केली तर आतत म्हणजे ताणलेले. आततायी म्हणजे ताणलेले धनुष्य घेऊन चालणारा. लक्ष्य सापडायच्या आधीच ह्याची दोरी ताणलेली आहे! समोर हरीण आले काय, वाटसरू आला काय, बाण सुटायचाच. म्हणून अमक्याने तमक्यास का मारले ह्याचे कारण मार खाणाऱ्यात शोधू नये. दोरी कोणी ताणली आणि किती दिवस ताणून धरली, हे पाहावे. आणि अर्जुनाची गंमत पाहा, समोरच्या कौरवांस तो आततायी म्हणतो, तरीही ह्यांना मारून पापच लागेल म्हणून धनुष्य खाली ठेवतो. पुढे भगवंतांनी त्याला युद्धास उभे केले हे खरे, पण ते भय आणि द्वेष दोन्ही काढून घेतल्यावर. आमच्याकडे पुष्कळांना गीतेतले युद्ध तेवढे पाठ असते. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना पहिला शब्द अभय असा आहे. बाकीचे गुण त्याच्या मागून येतात, हे ध्यानात राहत नाही.

कंसाचेही तेच. कंस काही जन्मतः पोरे मारणारा नव्हता. बहिणीच्या वरातीचा रथ तो स्वतः हाकत होता, इतका त्याचा देवकीवर जीव. वाटेत आकाशवाणी झाली आणि दोरी ताणली गेली. तेथून पुढे जे झाले ते सर्वांस माहीत आहे. ज्याच्या भयाने एवढा अनर्थ केला, तो तर गोकुळात लोणी खात होता.

आणि आपल्या संप्रदायाचा अनुभव तर आणखी जवळचा. वाघोलीचे रामेश्वर भट्ट विद्वान होते, आचारसंपन्न होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या त्या त्यांच्याच सांगण्यावरून, अशी परंपरा आहे. दुष्टपणाने सांगितले असे आम्हांस वाटत नाही. वेदाचा अर्थ एक वाणी प्राकृतात सांगू लागला, लोक त्याच्याकडे धावू लागले. मग आपण जन्मभर घोकले त्याचे काय, ही धास्ती. पुढे त्यांच्या अंगाचा दाह झाला आणि तो तुकोबांच्या कृपेने शमला. आम्ही हे कीर्तनात सांगताना दाहाच्या ठिकाणी थोडे थांबतो. चमत्कार मानणाऱ्याने मानावा, पण भयाने पेटलेल्या माणसाच्या अंगाची आग होते ही गोष्ट चमत्काराशिवायही खरी आहे. रामेश्वर भट्ट शेवटी तुकोबांचेच झाले. संप्रदायाने त्यांची जुनी उणीदुणी काढली नाहीत, हेही आपण ध्यानात ठेवावे.

महाडची गोष्ट एवढी गोड संपली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांसह हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. तेवढ्यात गावात उठले की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कोणी घुसणार नव्हते. पण अफवा पुरी झाली. परतणाऱ्यांवर, जेवत असलेल्यांवर लाठ्या पडल्या. मग गोमूत्र, शेण, दूध, दही ह्यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते शुद्ध केले. पुन्हा घागरीच! उलट आमच्या शेजारी वर्ध्यास १९२८ साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांस उघडले. लक्ष्मीनारायण आज आहेत तेथेच आहेत.

भयाला मात्र जात नाही, पंथ नाही. ३० जानेवारी १९४८ ला महात्माजींना गोळ्या घातल्या त्या ह्याच रोगाने, आपला धर्म बुडाला, आपला देश गेला, आता शब्दाने काही व्हायचे नाही, ह्या समजुतीने. आणि त्यानंतर आपल्या महाराष्ट्रात गावोगाव, ज्यांचा त्या गोळ्यांशी काडीचा संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरे जाळली, तीही ह्याच रोगाने. आमच्याच जिल्ह्यात पुसदला २०१५ सालच्या बकरी ईदच्या दिवशी एका विशीतल्या मुसलमान तरुणाने मशिदीपाशी बंदोबस्तास उभ्या असलेल्या पोलिसांवर सुरी चालवली. गोवंशाचा नवा कायदा त्याच वर्षी आला होता, त्याचा राग त्याच्या मनात होता. बंदोबस्ताच्या पोलिसाने काही कायदा केला नव्हता. पण दोरी ताणलेली होती, आणि पोलीस समोर होता.

एवढे दुसऱ्यांचे सांगितले. आता आमचे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. हे लिहायचे की नाही ह्याचा आम्ही फार दिवस विचार केला.

२०१८ साली ज्येष्ठ अधिक मास आला होता. दिग्रस-आर्णीच्या मधल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता आणि सातव्या दिवसाचे व काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. गावाचे नाव लिहीत नाही. तसली गावे पुष्कळ आहेत. आदल्या सालाने त्या मुलखाची कंबर मोडली होती. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषाने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत शेतमजूरही होते. मागून गुलाबी बोंडअळी आली आणि उभे कपाशीचे पीक पोखरून गेली. बोंड फोडावे तर आत सरकी काळी. ज्या घरी आम्ही उतरलो त्या घरचा मुलगा बत्तीस वर्षांचा, आठ एकराचा धनी, आणि लग्न जमत नाही. शेतकऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. असे त्या गावात एक नव्हे, चाळीस मुलगे होते, असे यजमानांनीच बोटे मोडून सांगितले.

संध्याकाळी चारदोन पुढारी आले. म्हणाले, "महाराज, आज जरा कडक होऊ द्या. गाव आता आपलं राह्यलं नाही. पोट्टे आयकत नाही, कोणी येते कोणी जाते, पत्ता लागत नाही." आम्हांलाही ते पटले. खरे सांगायचे तर कडक बोलायला बुवाला आवडतेच. त्या रात्री अभंगाचे निरूपण बाजूला राहिले आणि आम्ही बोलत सुटलो. गावे बुडाली, जुनी वळणे मोडली, तुमची लेकरे तुमच्या हातची राहणार नाहीत, बाहेरचे येऊन घरात शिरतील, झोपाल तर लुटले जाल, उठा, जागे व्हा. मंडपात टाळ्या पडल्या. कीर्तनात टाळ वाजावे. टाळ्या वाजू लागल्या की बुवाने जीभ आवरावी, हे आमचे शास्त्रीबुवा सांगत असत. त्या रात्री आठवले नाही.

गावाच्या आखरावर घिसाड्यांची तीन पाले होती. मृगाच्या आधी ते दर साली येत. वखराची पास पाजवावी, कुऱ्हाडीला धार द्यावी, विळे घडवावे, आणि पेरण्या लागल्या की निघावे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याचा बापसुद्धा ह्याच निंबाखाली भाता लावून बसे. म्हणजे तीन पिढ्यांची ओळख. पण त्या दिवसांत सगळीकडे मोबाईलवर एक चित्र फिरत होते, लेकरे चोरणाऱ्यांची टोळी आली आहे म्हणून. आमचे कीर्तन रात्री अकराला संपले. आम्ही ओसरीवर दूध घेत बसलो होतो. बाराच्या सुमारास पंचवीस-तीस पोरे काठ्या घेऊन आखराकडे गेली.

कोणी मेले नाही. एवढ्याच आधारावर आम्ही हे लिहू शकतो. म्हाताऱ्याच्या कपाळाला काठी लागली, भाता फाडला, पाले उपटली. बाया लेकरे कडेला घेऊन रडत होत्या, आणि ती लेकरे कोणाची असे पोरे त्यांना विचारत होती. त्यांचीच होती. रात्रीच्या रात्री ती माणसे सामान लादून निघून गेली. आम्हांला हे पहाटे काकड्याला कळले. यजमानांच्या अंगणात वखर उलटा टेकवून ठेवला होता आणि त्याच्या पासेवर परवाची, घिसाड्याने दिलेली, ताजी धार चकाकत होती. ते आम्ही पाहिले. पाहून काय केले? स्नान केले, गंध लावले आणि काल्याच्या कीर्तनास उभे राहिलो. सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून देवाने सर्वांस सारखा घास दिला, असे नेहमीसारखे सांगितले. आखराबद्दल अवाक्षर काढले नाही. बिदागी घेतली आणि गाडीत बसलो.

पुढच्याच महिन्यात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी तेच चित्र, तीच अफवा. आणि पाच भिक्षेकरी ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्याकडचे, म्हणजे चोखोबांच्या मंगळवेढ्याकडचे. चोखोबांचा अंत कसा झाला हे वारकऱ्यास सांगायला नको. शके १२६० मध्ये मंगळवेढ्यात गावकूस बांधण्याच्या कामावर लावले असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. गावकूस कशासाठी बांधतात? बाहेरच्याच्या भयासाठी. ते पडले ते बांधणाऱ्यांच्याच अंगावर. राईनपाड्याची बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस अन्न गेले नाही. तेथे आणि आमच्या आखरावर जो फरक पडला तो आमच्या पुण्याईने नव्हे. घिसाडी वेळेवर निघाले म्हणून पडला. दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, पालघरकडे गडचिंचल्यास दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशाच आवईने मारले गेले, तेव्हाही हेच आठवले. भगवे असो की गोधडी असो, अफवेला वस्त्र दिसत नाही.

मग आम्ही बसून हिशेब केला. त्या गावच्या पोरांना दुःख कशाचे होते? अळीचे, विषारी फवाऱ्याचे, कर्जाचे, न जमणाऱ्या लग्नाचे. ह्यातल्या कोणत्या गोष्टीत घिसाड्याचा हात होता? एकातही नाही. पण बोंडअळीला काठी मारता येत नाही. बाजारभावाला मारता येत नाही. ज्याला मारता येईल असा माणूस दाखवून दिला की काठी निघते. आणि त्या रात्री आम्ही नाव न घेता माणूस दाखवून दिला होता. "बाहेरचे" म्हणालो. पोरांनी बाहेर पाहिले, तर आखरावर तीन पाले. हेच भय दुसऱ्या बाजूस वळले म्हणजे काय होते, तेही आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी बायकामुलांसह गेले, आणि त्यानंतर किती घरांवर ती वेळ आली. कोणी दुसऱ्यावर उठतो, कोणी स्वतःवर. आम्ही कीर्तनकार मंडळी पहिल्याचे शौर्य गातो आणि दुसऱ्याच्या दशक्रियेला प्रवचन करतो. मधल्या दिवसांत त्याच्या ओसरीवर जाऊन बसत नाही.

कोणी म्हणेल, महाराज, मग जे जे नवे येईल ते मुकाट्याने घ्यावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. पुष्कळ नवे आम्हांलाही रुचत नाही. लेकरू बापाशेजारी बसून बापाशी न बोलता हातातल्या काचेशी बोलते, हे आम्हांस वाईटच दिसते. गावची शाळा पटावाचून ओस पडते हे वाईट आहे. त्याचा विरोध जरूर करावा, बोलून करावा, सभेत करावा, कज्जा लावून करावा. साने गुरुजींनी तर उपाशी राहून केला. मात्र त्यांचा आग्रह त्यांच्या स्वतःच्या पोटावर पडला होता. आखरावर गेलेल्या पोरांचा म्हाताऱ्याच्या कपाळावर पडला. ताणलेली दोरी सैल करण्याची आपली एक जुनी रीत आहे, तिचे महत्त्व आम्हांला उतारवयात कळले. वारकरी वारकऱ्यास भेटला की एकमेकांच्या पाया पडतो. जात विचारीत नाही, वय पाहत नाही. ज्याच्या पायाला हात लावायला खाली वाकावे लागते, त्याच्याबद्दल निदान तेवढा वेळ भय वाटत नाही. आम्ही हे सोपस्कार म्हणून करत आलो आणि त्यातले औषध सांडून टाकले.

शास्त्रीबुवांची बारा वर्षे कशी संपली ते सांगायचे राहिले. १९५९ सालच्या वारीत त्यांची आई बरोबर होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शास्त्रीबुवांनी बाहेर उभे करून तिला म्हटले, "आई, तो कळस. नमस्कार कर." म्हातारी म्हणाली, "मला कळस दिसत नाही रे. मला पायांशी ने, हाताने पाहीन." बुवा जागचे हलेनात. शपथ होती ना! तेव्हा म्हातारीने अंदाजाने हात पुढे केला, दर्शनास निघालेल्या कोण्या बाईचा हात तिच्या हाती आला, आणि ती त्या बाईच्या आधाराने चालू लागली. बाई कोणत्या वस्तीतली हे बुवांना लुगड्यावरून, बोलण्यावरून कळले. आता आईला एकटी कशी सोडावी? मागोमाग गेले. आत म्हातारीने विठोबाच्या पायांवर डोके ठेवले, दोन्ही हातांनी पाय चाचपले आणि रडली. "देव त्या मूर्तीत होता की घागरीत, हे मी तिला विचारले नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "मीही डोके टेकले." बस, एवढेच सांगून ते उठले आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ काढायला सांगितले.

२०२३ साली श्रावण अधिक आला. त्याच गावाने पुन्हा सप्ताहाला बोलावले. ह्या खेपेस आम्ही काल्याच्या कीर्तनात २०१८ सालचे सारे सांगितले, आमच्या बोलण्यासकट. मंडपात टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतले सहासात जण उठून गेले, एकाने जाता जाता, "महाराज, हे कायले उकरता?" असे मोठ्याने म्हटले. आमची जीभ थोडी अडखळली, नाही असे नाही. नंतर दुपारी महाप्रसादाच्या पंगती उठल्यावर एक तरुण आमच्यापाशी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "महाराज, त्या रात्री मी गेलतो. माह्या बापाचं फवारणीनं झालतं त्याच साली. मले कोणावर तरी हात टाकाचा होता." आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरे काही सुचले नाही.

थोड्या वेळाने तो घरी जाऊन कापडात गुंडाळलेला एक विळा घेऊन आला. म्हाताऱ्या घिसाड्याने घडवून दिलेला. मूठ सागाची. पाच वर्षे वापरला नव्हता, पण दर दिवाळीला तेल लावून ठेवला होता. म्हणाला, "याची मजुरी द्याची राह्यली."

त्या सालानंतर ते घिसाडी त्या गावी आले नाहीत. लोक पासा आता दिग्रसच्या दुकानातून आणतात. त्या दोन वर्षांत वाकतात, असे म्हणतात. आमच्या वाचकांपैकी दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद ह्या भागात कोणाच्या गावी मृगाच्या आधी तीन पालांचे घिसाडी उतरत असतील, आणि त्यांच्यात कपाळावर डाव्या बाजूस जुना व्रण असलेला म्हातारा असेल, तर त्यांनी कृपा करून ह्या मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. विळ्याची मजुरी आणि फाटलेल्या भात्याचे पैसे त्या तरुणाने आमच्यापाशी देऊन ठेवले आहेत.